पळीभर तीर्थ

जांभूळदऱ्याच्या धरणावर पुंजाराम फिटरच्या शेडमध्ये ओल्या हातानं कुणी शिरायचं नाही, असा दंडक होता. दंडक सरकारी नव्हता, पुंजारामचा होता, म्हणून तो पाळला जायचा. साहेबसुद्धा दारातल्या खिळ्यावरच्या फडक्याला हात पुसून मगच आत यायचे. जे सामान पाण्यात उतरायसाठीच जन्माला आलं, ते कोरडं राखायचं, असला उफराटा धंदा. तो स्वतःच म्हणायचा, बेडकाला छत्री धरून पावसातून न्यायची नोकरी हाय आपली.

धरण तसं धाकटंच. राहुरीहून पश्चिमेला डोंगराच्या कुशीत शिरलं की लागायचं. भिंतीच्या पायथ्याशी पत्र्याची शेड, शेडमागं एक कडुलिंब, आणि भिंतीच्या पोटात कालव्याला पाणी सोडायचा लोखंडी दरवाजा. त्या दरवाजात कधी ओंडका अडकायचा, कधी गाळ बसायचा, मग माणूस पाण्याखाली उतरवावा लागायचा. त्यासाठी मुंबईहून सामान आलं होतं. हवेचे दोन पोलादी सिलिंडर, तोंडात नळी धरून श्वास घ्यायचं यंत्र, काचेचा मुखवटा, शिशाचा पट्टा. ते अंगावर चढवून उतरायचा बन्सी. पुणतांब्याचा भोई, गोदावरीच्या डोहात वाढलेला, पाण्यात गेला की बाहेर यायचं नाव न घेणारा गडी. पुंजाराम बेलापूरचा, वयानं दहा-बारा वर्षांनी मोठा. बन्सीची बायको मनकर्णा दर भाऊबीजेला पुंजारामला ओवाळायची, म्हणजे नातं काय ते समजून घ्या.

बन्सी वर आला की सगळं सामान पुंजारामच्या ताब्यात. गाळ धुवायचा, पुसायचं, उन्हात नाही, सावलीत वाळवायचं. रबराला शंखजिऱ्याची भुकटी चोळायची. सिलिंडरवर टवका उडाला तर खरवडून त्याच दिवशी रंगाचं बोट लावायचं. आणि वर्षातून एकदा सिलिंडरच्या तोंडावरचा पितळी कॉक काढून, तारेला बांधलेला बारका बल्ब आत सोडून बघायचं. का, तर लोखंडाला गंज चढतो तो हवेतला प्राणवायू खाऊन चढतो. बंद सिलिंडरात ओल राहिली आणि आतून गंज लागला, तर काटा दाखवतो भरलेला, हवा सुटते भस्सकन, पण त्या हवेत जीव नसतो. श्वास घेणाऱ्याला कळतही नाही. गुंगी येते आणि खेळ खलास. म्हणून भरलेली हवा तीन महिन्यांच्या वर ठेवायची नाही, सोडून द्यायची आणि ताजी भरायची. हे पुंजाराम येईल त्याला सांगायचा. इतक्या वेळा सांगायचा की ऐकणाराला जांभई यायची.

आणि एवढं सगळं ठाऊक असलेल्या माणसाच्या हातून ते झालं. एखाद्या येड्यागबाळ्याच्या हातून झालं असतं तर निदान सोसता आलं असतं.

झालं असं. एकाहत्तरची खंडेनवमी होती. त्या दिवशी कारागीर आपली हत्यारं धुऊनपुसून मांडतो, हळदकुंकू वाहतो, आणि पूजा झाली की दुसऱ्या दिवसापर्यंत त्यांना कामाला लावत नाही. पुंजारामनं पाने, हातोडे, कानशी पाटावर मांडल्या होत्या. वर्षाची तपासणी चालू होती म्हणून दोन्ही सिलिंडर कॉक काढलेले, उघड्या तोंडाचे, पाटाशेजारी उभे होते. दोन्ही आतून कोरडे खडखडीत, बल्ब सोडून त्यानं स्वतः बघितलेले. पूजेला मनकर्णा पुणतांब्याहून तांब्यात गोदावरीचं पाणी, कुंकू घातलेलं, घेऊन आली होती. तिनं सगळ्या हत्यारांवर शिंपडलं, आणि मग पळी त्याच्या हातात देऊन म्हणाली, "दादा, एवढी पळी त्याच्या आत घाला. वरून शिंपडून काय व्हतंय? माझा मानूस आतलं वारं पितो. त्या वाऱ्यात माझी गोदामाय असंल तर मला झोप लागंल."

पुंजाराम नाही म्हणाला. दोनदा म्हणाला. गंजाचं पुराण सांगितलं. ती ऐकून घेत होती आणि पळी तशीच पुढं धरून उभी होती. तिच्या पोटात तेव्हा पाचवा महिना होता. आधीची दोन गेलेली. काय वाटलं देव जाणे, त्यानं पळी घेतली आणि डावीकडच्या सिलिंडरात उपडी केली. पळीभर तर पाणी, उद्या तारेला फडकं बांधून पुसून घेऊ, असं मनाशी म्हणाला. त्या दिवशी पुसता येत नव्हतं, पूजेचा नेम. दुसऱ्या दिवशी साहेबांनी सकाळीच घाई लावली, दसऱ्याला सामान तयार पाहिजे म्हणून. पुसायला घेतलं तर तीर्थ ओतायचं कुठं, शेडच्या तेलकट फरशीवर? असं करता करता कॉक बसले, हवा भरली गेली. पुढं कुणाला पाण्यात उतरवायची वेळ आली नाही, तीन महिने झाले, सहा झाले. सिलिंडर उघडला तर साहेबांपुढं कुंकवाचं पाणी निघेल आणि आपली शोभा होईल, म्हणून त्यानं तो उघडलाच नाही. एक ताजा करायचा तर दुसराही करावा लागला असता, म्हणून दुसराही तसाच राहिला. दिवस गेले आणि तो विसरल्यासारखा झाला.

बहात्तर साली पाऊस आलाच नाही. श्रावण उन्हाळ्यासारखा तापला. धरणात होतं ते पाणी खालच्या गावांना प्यायला सोडायचं ठरलं, आणि नेमका दरवाजा अर्ध्यात अडला. पाणी गढूळ, हात पुढं केला तर बोटं दिसत नव्हती. बन्सीनं पट्टा आवळला आणि विचारलं, दादा, कंचा सिलिंडर देता? दोन होते. पुंजारामचा हात डावीकडच्याकडं गेला. चुकून नाही बरं का. काम अवघड आहे, आज तीर्थाचा असू दे, असं त्याच्या मनात आलं होतं. जन्मभर ज्यानं देवाला आणि पान्याला वेगवेगळ्या कप्प्यात ठेवलं, त्यानं ऐन वेळी कप्पा चुकवला.

दोरी त्याच्याच हातात होती. एक हिसका म्हणजे ठीक, दोन म्हणजे ओढा. एक हिसका आला. मग काहीच आलं नाही. त्यानं वाट बघितली, किती ते त्याला पुढं कधी नीट सांगता आलं नाही. वर ओढला तेव्हा बन्सी झोपल्यासारखा होता, नळी दातात घट्ट. काटा अजून अर्ध्याच्या वर होता. डॉक्टरांनी हृदय बंद पडलं म्हणून लिहिलं. साहेब सगळ्यांदेखत म्हणाले की सामानात काही खोट नव्हती, पुंजारामचं सामान म्हणजे सोनं. लोकांनी माना हलवल्या. पुंजारामनंही हलवली.

तिसऱ्या दिवशी त्यानं दार आतून लावलं. डावीकडच्या सिलिंडरातली हवा हळू हळू एका पालथ्या डब्यात सोडली आणि डब्यात पेटती काडी धरली. काडी विझली. पुन्हा केलं, पुन्हा विझली. तिसऱ्यांदा करायची गरज नव्हती, तरी केलं. मग कॉक काढून सिलिंडर उपडा केला तेव्हा पळीभर लाल पाणी निघालं, त्यात कुंकू किती आणि गंज किती हे काही सांगता येत नव्हतं. पाणी त्यानं कडुलिंबाच्या बुडाशी ओतलं. सिलिंडरात बारीक खडी घालून तो दोन दिवस लोळवला, आतून घासून साफ केला, आणि रिकामाच, तोंड उघडं ठेवून आढ्याला उलटा टांगला. हवा भरायचं यंत्र त्याच आठवड्यात दुसऱ्या कामावर नेलं होतं. म्हणजे शेडमध्ये भरलेला सिलिंडर एकच राहिला, उजवीकडचा. त्याला पाप शिवलेलं नव्हतं.

मनकर्णाला सांगावं असं त्याला रोज वाटायचं. पण सांगायचं काय? तुझा नवरा माझ्या हातानं गेला, एवढंच सांगता आलं असतं तर तो त्याच दिवशी तिच्या पायावर पडला असता. पण ते तेवढंच नव्हतं. पळी तिची होती. तिला खरं सांगायचं म्हणजे आपल्या डोक्यावरचं अर्धं ओझं उचलून त्या लेकुरवाळीच्या डोक्यावर ठेवायचं. म्हणून तो गप्प राहिला. आणि गप्प राहण्यात आपली नोकरीही वाचते आहे, हे त्याला दिसत नव्हतं असं नाही. ते तर सगळ्यात जास्त दिसायचं.

दिवाळीच्या सुमाराला त्याला पहिल्यांदा ती ओल दिसली.

सकाळी दार उघडलं तर उजवीकडच्या सिलिंडरच्या बुडाशी फरशीवर भाकरीएवढा ओला डाग. बाहेर ओठ फुटत होते, शेडमधला माठ दुपारपर्यंत कोरडा पडायचा, आणि इथं ओल. त्यानं डागावर बोट फिरवलं. तांबूस, बोटाला लोखंडाचा वास. वरच्या टांगलेल्या सिलिंडरातून ठिबकलं असेल म्हणून त्यानं तो उतरवून बघितला, आत धूळ होती. तो उचलून दुसऱ्या भिंतीला नेऊन टांगला. दुसऱ्या दिवशी डाग होता तिथंच, भरलेल्या सिलिंडरखाली. सिलिंडर कोरडा, कॉक कोरडा, खाली तेवढं ओलं. त्यानं पुसलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा पुसलं. पुढं पुढं तो आल्या आल्या न बघताच फडकं हातात घ्यायला लागला.

मग काट्याकडं लक्ष गेलं. भरला तेव्हा दीडशेवर होता. आता एकशे तीस. त्यानं कॉकला साबणाचा फेस लावून बघितला. गळत असेल तर बुडबुडा येतो, लहान पोराला दिसेल असा. एकही आला नाही. पुढच्या आठवड्यात सव्वाशे. त्याच्या पुढच्या आठवड्यात एकशे एकवीस. हवा जात होती आणि बाहेर कुठं येत नव्हती. पुंजाराम पान्यानं घट्ट करून बघायचा, सैल करून बघायचा, आणि फिटरला जेवढं सुचतं तेवढं सगळं करून झाल्यावर स्टुलावर बसून त्या सिलिंडरकडं नुसता बघत राहायचा.

त्याला एकच कळत नव्हतं. बन्सी आला असेल, तर त्याच्याकडं यायचा हक्क होता बन्सीचा. पण मग तो ज्यानं घात केला त्या सिलिंडरापाशी का जात नव्हता? तो तर धूळ खात लटकत होता. या बिचाऱ्यानं काय केलं होतं?

आवाज ऐकू आला तो भर दुपारी. मार्गशीर्ष असेल. दुष्काळी कामावर खडी फोडणारी माणसं भाकरीला बसली होती, हातोड्यांचे आवाज थांबले होते, आणि त्या सुनसान वेळेत शेडमध्ये खर्र, खर्र, असं बारीक घासणं चालू होतं. बाई राखेनं भांडं घासते तसं. थोडा वेळ घासायचं, मग थांबायचं, दम खाल्ल्यासारखं, मग पुन्हा. पुंजाराम उठला. सिलिंडरला कान लावला. आवाज बंद झाला. पोलाद मात्र गार लागायला हवं होतं ते कोमट लागत होतं. तो मागं सरून दारापर्यंत गेला आणि पुन्हा सुरू झालं.

त्या दिवसापासून तो दुपारी शेडमध्ये बसायचा बंद झाला. घरी कमी बोलायला लागला. बायको छबूबाई म्हणायची, तुमच्या अंगाला काय वास येतोय हो, जुन्या खिळ्यांचा. तो दोनदा आंघोळ करायचा, दुष्काळात, पाण्याची बोंब असताना.

जानेवारीत दरवाजा पुन्हा अडला. या वेळी साहेबांनी गहिनीनाथला आणवलं. पाथर्डीकडचा माणूस, पण मुंबईच्या गोदीत दहा वर्षं पाण्याखाली काम केलेला, चाळिशीचा, कमी बोलणारा. शनिवारी तो शेडमध्ये आला, सांगितल्याशिवायच दारातल्या फडक्याला हात पुसले. पुंजारामला तेवढ्यानंच तो आवडला. त्यानं नळी तपासली, रबर वाकवून बघितलं, मुखवटा नाकाशी धरला. सामान बघून खूश झाला. सिलिंडरचा काटा साठावर आला होता. साहेब म्हणाले, एवढ्यात वीस मिनिटं सहज निघतील, काम दहा मिनिटांचं आहे, सोमवारी सकाळी नऊला उतरवू.

हवा सोळा महिन्यांची जुनी होती. नेमाप्रमाणं ती सोडून द्यायला हवी होती. पण भरायचं यंत्र नव्हतं, आणि नेमावर बोट ठेवायचं तर, याआधी अकरा महिन्यांच्या हवेवर बन्सीला का उतरवलंस, हे कुणीतरी विचारलंच असतं. शिवाय हा सिलिंडर कोरडा होता, त्यानं डोळ्यांनी बघितलं होतं. पुंजारामनं स्वतःची अशी समजूत घातली.

निघताना गहिनीनाथनं सहज विचारलं, आधीचा गडी कशानं गेला? पुंजाराम म्हणाला, हृदय. गहिनीनाथनं सिलिंडरवर टिचकी मारली.

"हवा चांगली हुती ना?"

"हुती," पुंजाराम म्हणाला.

पाच महिने तो नुसता गप्प होता. तोंड उघडून खोटं बोलला तो हाच एक शब्द, तोही ज्याचा जीव त्याच्या हातात द्यायचा होता त्या माणसाशी. ती रात्र कशी काढली ते सोडून देऊ. रविवारी पहिल्या एस.टी.नं तो राहुरीला गेला आणि तिथून गाडीनं पुणतांब्याला. साहेबांपुढं सगळं कबूल करायचं त्यानं नक्की केलं होतं. पण मनकर्णाला ते दुसऱ्याच्या तोंडून कळायला नको. ओझं तिच्या डोक्यावर ठेवायचंच असलं तर निदान आपल्या हातानं ठेवावं, असं त्याला वाटलं.

गोदावरीच्या पात्रात नुसती वाळू होती. घाटाखाली बायका झिरे खणून वाटीवाटीनं पाणी भरत होत्या. मनकर्णा घरी होती, आठवडाभर खडी फोडून हातांना चिरा पडलेल्या. पोरगी झोळीत झोपली होती. तिनं दादा आला म्हणून दुष्काळी कामावर मिळालेल्या सुकडीची वाटी पुढं केली, कोरा चहा ठेवला. पुंजारामनं चहाला हात लावला नाही. खाली बघून त्यानं सगळं सांगितलं. पळी, गंज, सिलिंडर उघडायचं टाळलं ते, मुद्दाम डावीकडचा दिला ते, विझलेल्या काड्या. एकही गोष्ट गाळली नाही. शेवटी म्हणाला, "तुझं पानी हुतं, पर हात माझा हुता. मला समजत हुतं, तुला न्हाई. दोष माझा एकट्याचा हाय, मनकर्णे. तू त्यातलं काय घेऊ नगंस."

ती रडली नाही. झोळीची दोरी तिनं थोडी हलवली. मग तिनं विचारलं ते भलतंच.

"दुसऱ्यातलं काढलं का?"

"दुसऱ्यातलं काय?"

"पानी." ती त्याच्याकडं बघत म्हणाली. "तुमी नारळ फोडाया भाईर गेल्ता. मला वाटलं, हायत दोन, हे कंचा घेत्याल काय ठावं. तांब्यात उरलेलं समदं म्या त्या दुसऱ्यात ओतलं, दादा. पळी न्हाई. तांब्या."

पुंजाराम उठला तेव्हा वाटी कलंडली. चप्पल पायात घातली की नाही हे त्याला राहुरीत आल्यावर कळलं. पुणतांब्याहून तार करावी तर रविवारचं पोस्ट बंद. दिवसाची गाडी गेलेली. तो स्टेशनवर बसून राहिला, पहाटेची पॅसेंजर मिळाली, राहुरीला उतरून खडीच्या ट्रकवाल्याचे पाय धरले. ट्रक चढाला इंजिन तापून दोनदा उभा राहिला. सोळा महिने. बन्सीच्या सिलिंडरात पळीभर पाणी अकरा महिने होतं. हिशेब शाळेतल्या पोरालाही आला असता.

धरणाच्या वळणाला तो ट्रकमधून उतरून पळत सुटला.

भिंतीवर साहेब उभे होते. त्यांच्या मनगटावर घड्याळ, त्यांची नजर पाण्यावर. दोरी एका मजुराच्या हातात होती.

"कवा उतरला?"

"झाली की पंधरा मिनिटं," मजूर म्हणाला.

"हिसका?"

"मघाशी आला हुता एक."

मग काहीच आलं नव्हतं.

पुंजारामनं दोरी हिसकावून घेतली आणि ओढायला लागला. साहेब ओरडले, त्यानं ऐकलं नाही. दोरी जड होती. पाच महिन्यांपूर्वी होती तेवढीच जड. हाताची सालं निघाली. तो मोठ्यानं रडत होता, आणि ते त्याला मजुराच्या तोंडाकडं बघून समजलं.

पाणी फुटलं. मुखवटा वर आला.

गहिनीनाथनं नळी तोंडातून काढली आणि शिवी दिली. चांगली खणखणीत, पाथर्डीची. शेवटचा ओंडका हातात आला होता आणि कुणी येड्यानं मला वर खेचला, म्हणाला. साहेबांनी विचारलं, बरा आहेस ना? तो म्हणाला, मला काय धाड भरलीय. हवा तर काल भरल्यासारखी होती, गोदीत असली मिळत नाही.

पुंजाराम तिथंच भिंतीवर बसला. आणि बसल्या बसल्या, सगळ्यांदेखत, त्यानं दुसऱ्यांदा सगळं सांगितलं. या वेळी साहेबांना. बन्सीला मी मारला म्हणाला. या सिलिंडरातही तांब्याभर पाणी आहे म्हणाला, उघडून बघा.

शेडमध्ये नेऊन गहिनीनाथनंच उरलीसुरली हवा डब्यात सोडली आणि काडी धरली. काडी बोटाला चटका बसेपर्यंत जळली. मग कॉक काढला. साहेबांनी तारेला बांधलेला बल्ब आत सोडला आणि एक डोळा मिटून वाकून बघितलं. बराच वेळ बघितलं. मग गहिनीनाथला बघायला लावलं, मग पुंजारामला.

आत पाणी नव्हतं. ओल नव्हती. गंजाचा ठिपकासुद्धा नव्हता. पोलाद बुडापर्यंत असं लखलखत होतं की एका बल्बाचे दहा दिसत होते. कारखान्यातून निघतानाही ते एवढं साफ नसेल. सिलिंडरच्या तोंडातून माणसाचा अंगठा जेमतेम जायचा.

साहेबांनी पुंजारामच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांचा आवाज अगदी मऊ होता. म्हणाले, बन्सी तुझा भाऊच होता, मला कळतं. माणूस गेला की आपल्याला काहीही वाटायला लागतं. "अरे, असं सामान राखणारा माणूस जिल्ह्यात दुसरा नाही. तू स्वतःला कशाला कोसतोस? मी तुझं नाव बक्षिसाला पाठवणार आहे." पुंजाराम म्हणाला, साहेब, ते मी घासलेलं नाही. साहेब म्हणाले, घरी जा, आठ दिवस रजा घे. गहिनीनाथ निघाला. दारात थांबून त्यानं एकदा त्या सिलिंडरकडं बघितलं आणि हात पुसण्यासाठी फडकं घेतलं, हात कोरडे असूनही.

सगळे गेल्यावर पुंजाराम एकटाच उरला. आता त्याला शिक्षा करणारं कुणी नव्हतं, हे त्याला हळू हळू समजत गेलं. त्यानं कबूल केलं होतं, दोनदा केलं होतं, आणि ते कुणी घेतलंच नव्हतं. जे काम त्यानं करायचं ते कुणीतरी करून ठेवलं होतं. फरशीवर डाग नव्हता. बाहेर खडी फोडायचे आवाज चालू होते.

सवयीनं त्यानं सिलिंडर उचलला आणि टांगून ठेवण्याआधी उपडा केला. मघाशी बल्बाच्या उजेडात काहीच दिसलं नव्हतं, पण आत काहीतरी हललं, घरंगळत आलं, आणि त्याच्या तळहातावर पडलं. हलकं, शिंपल्याच्या तुकड्यासारखं. तो ते उजेडात घेऊन गेला.

माणसाच्या अंगठ्याचं नख होतं. घासून घासून निम्मं झालेलं, कडेला लाल गंज भरलेला.

आत अजून खुळखुळत होतं.